आजाराची कुंडली आणि मुलाचं भविष्य

लहान मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवर 'हाय रिस्क' हे दोन शब्द आले की घर गप्प होतं. आजी देवापाशी जाऊन बसते, बाबा फोन घेऊन गॅलरीत जातात, आणि विशीतल्या ताईला किंवा दादाला कोणीतरी म्हणतं, "तुला इंग्रजी नीट वाचता येतं, बघ ना काय लिहिलंय." रिपोर्ट त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात येतो आणि पुढचा तासभर तो गूगलवर जातो.

मी इंदूरमध्ये एका तपासणी-प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे मंडळातल्या ओळखींतून असे रिपोर्ट कधी कधी माझ्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडतात. मी डॉक्टर नाही आणि उपचार सांगत नाही, पण कागदावरच्या शब्दांचा अर्थ सांगू शकते. मुलांच्या ल्युकेमियाच्या संदर्भात एक शब्द हल्ली जास्त ऐकू येतो : जीन एक्स्प्रेशन. मराठीत जनुकांची अभिव्यक्ती. "जीन्सवरून कळतं म्हणे मूल वाचणार की नाही," असं एका काकांनी मला विचारलं होतं. त्यांच्या आवाजात पत्रिका दाखवायला गेलेल्या माणसाची धास्ती होती.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. जनुकांवरून आजाराबद्दल खूप काही कळतं, ते खरं आहे. पण जे कळतं ते कुंडलीसारखं पक्कं नसतं. ते उपचारासोबत बदलतं, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत ते पुन्हा पुन्हा बदललं आहे.

आधी आजाराबद्दल थोडं

मुलांच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात एएलएल. दोन ते पाच वर्षं या वयात तो जास्त दिसतो. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्ताच्या पेशी तयार होतात. तिथे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची पोरवयातली पिढी मोठी व्हायचं थांबते आणि नुसती वाढत राहते. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. मग मूल फिकट दिसतं, ताप हटत नाही, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग येतात, पाय दुखतात म्हणून रडतं.

बहुतेक मुलांमध्ये हा आजार आईबाबांकडून आलेला नसतो. तो संसर्गजन्य नाही आणि कोणाच्या चुकीने झालेला नसतो. हे इथेच सांगते, कारण 'जनुक' हा शब्द ऐकला की आपल्याकडे लगेच 'कोणाच्या घराण्यातून आलं' ही चर्चा सुरू होते आणि ती बहुतेक वेळा सुनेपाशी येऊन थांबते. या लेखातली जनुकं ल्युकेमियाच्या पेशींमधली आहेत. त्यांतला बिघाड बहुधा त्या पेशींपुरताच असतो आणि मुलाच्या इतर शरीरात तो नसतो.

मुंबईच्या गिरण्यांपासून बॉस्टनपर्यंत

ज्या आजारात सगळेच रुग्ण दगावतात, त्यात भाकिताला काही अर्थ नसतो. १९४७ पर्यंत मुलांच्या ल्युकेमियाची अशीच स्थिती होती.

ती बदलण्याच्या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या स्वस्त पदार्थाने, त्या बऱ्या होतात असं तिला दिसलं. त्यातला उपयोगी घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केलं.

बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक अॅसिड देऊन पाहिलं, तर आजार उलट जोर धरतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी उलटा विचार केला : ज्याने आजार वाढतो, त्याची वाट अडवली तर? सुब्बाराव यांच्याच गटाने बनवलेलं अमिनोप्टेरिन हे फोलिक अॅसिडविरोधी औषध त्यांनी वापरलं. १९४८ मध्ये त्यांनी लिहिलं की १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली, पण त्याआधी तेवढीही कोणी पाहिली नव्हती. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या प्रत्येक मुलाच्या औषधांच्या यादीत असतं.

पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ द्यायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे निम्मी मुलं बरी होऊ लागली, आणि त्याबरोबर नवा प्रश्न आला : कोणती निम्मी?

वय, पेशींची संख्या आणि त्यापलीकडे

पहिली उत्तरं साधी होती. मुलाचं वय एक ते दहा वर्षांच्या दरम्यान आणि पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली असतील तर धोका कमी, नाहीतर जास्त. ही वाटणी आजही जगभर वापरली जाते. पण ती ढोबळ आहे. कमी धोक्याच्या गटातल्याही काही मुलांचा आजार उलटतो, आणि जास्त धोक्याच्या गटातली बरीच मुलं ठणठणीत बरी होतात. दोन मुलांचं वय सारखं, रक्ताची संख्या सारखी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीही सारख्या, तरी एक बरं होतं आणि दुसरं होत नाही. फरक पेशीच्या आत होता.

'रुचिरा' एकच, स्वयंपाक वेगळा

आपल्या बहुतेक घरांत कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' असते. पुस्तक सगळीकडे तेच, पण आज कोणत्या घरी कोणतं पान उघडलंय ते वेगळं. आपल्या पेशींचंही तसंच आहे. प्रत्येक पेशीत साधारण २०,००० जनुकांचं एकच पुस्तक असतं. यकृताच्या पेशीत काही पानं उघडी असतात, मेंदूच्या पेशीत दुसरी. उघडलेल्या पानाची जी नक्कल पेशी वापरायला घेते ती म्हणजे आरएनए. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या, हे मोजणं म्हणजे जीन एक्स्प्रेशन मोजणं.

एका पदार्थावरून सण ओळखता येत नाही. नुसती बटाट्याची भाजी कोणत्याही दिवशी असते. पण जिन्यातून वर येताना पुरणाचा, कटाच्या आमटीचा आणि तळलेल्या कुरडयांचा वास एकदम आला, तर कॅलेंडर बघावं लागत नाही. जनुकांचंही असंच असतं. एखादं जनुक जास्त चाललंय एवढ्यावरून फार थोडं कळतं. शेकडो जनुकांचा एकत्र मेळ पाहिला की आजाराची जात ओळखू येते.

१९९९ मध्ये टॉड गोलब आणि एरिक लँडर यांच्या गटाने हे दाखवून दिलं. त्यांनी ल्युकेमियाच्या ३८ रुग्णांच्या मगजातल्या ६,८१७ जनुकांची अभिव्यक्ती मोजली आणि त्यातून ५० जनुकं निवडली. मग ३४ नवे नमुने घेऊन केवळ त्या ५० जनुकांवरून ल्युकेमियाच्या दोन मुख्य प्रकारांतला कोणता प्रकार आहे ते ओळखायचा प्रयत्न केला. ३४ पैकी २९ नमुन्यांबाबत ठाम उत्तर मिळालं आणि ती सगळी उत्तरं बरोबर निघाली. २००२ मध्ये सेंट ज्यूडच्या संशोधकांनी एएलएलच्या ३६० मुलांवर हेच केलं, तेव्हा कळलं की एएलएल हा एक आजार नाहीच. एका नावाखाली अनेक आजार एकत्र राहत होते, आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघराचा वास वेगळा होता.

फिलाडेल्फिया, आणि फिलाडेल्फियासारखा

जनुकांच्या अभिव्यक्तीने नेमकं काय नवं दिलं, हे समजायला एक उदाहरण पुरेसं आहे.

१९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. त्याला शहराचंच नाव मिळालं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलल्यामुळे ते तयार होतं, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या अदलाबदलीतून एक जोड-जनुक तयार होतं आणि ते पेशीला अखंड 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं. एएलएलच्या थोड्याच मुलांमध्ये हे असतं, पण ज्यांच्यात असे त्यांची स्थिती फार वाईट असे.

२००९ मध्ये नेदरलँड्समधल्या मोनिक देन बूर यांच्या गटाला एक विचित्र गोष्ट आढळली. काही मुलांच्या पेशींत फिलाडेल्फिया गुणसूत्र नव्हतंच, पण जनुकांच्या अभिव्यक्तीचा नकाशा मात्र अगदी तसाच होता. आचारी दुसरा, वास तोच. एएलएलच्या सुमारे १५ ते २० टक्के मुलांमध्ये असं दिसलं. पाच वर्षं आजार न उलटता राहण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ६० टक्के होतं, बाकीच्यांमध्ये ८४ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मलिगन आणि सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे हाच गट सापडला. रिपोर्टवर 'पीएच-लाइक' असं लिहिलेलं असतं ते हेच.

साध्या गुणसूत्र-तपासणीत ही मुलं सापडत नव्हती, कारण तुटलेलं गुणसूत्र शोधायला जावं तर ते नव्हतंच. पेशी काय करतेय हे पाहिलं तेव्हाच ती ओळखू आली.

वाक्य तेच, अर्थ बदलला

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. 'वाईट' जीन एक्स्प्रेशन म्हणजे मूल वाचणार नाही का?

खरं फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते पाहा. जुन्या उपचारांत तीन वर्षांनंतर आजार न उलटता राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. मग त्या 'वाढ, वाढ' हुकुमालाच अडवणारं इमॅटिनिब आलं. केमोथेरपीसोबत ते सलग दिल्यावर हेच प्रमाण ८० टक्क्यांवर गेल्याचं २००९ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवलं. गुणसूत्र तेच आणि मुलंही तशीच, बदललं ते औषध.

दुसरं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. सेंट ज्यूडच्या एका उपचारपद्धतीत मुलांना जनुकांचा नकाशा बघून औषध दिलं नव्हतं. पहिल्या टप्प्यानंतर शरीरात आजार किती शिल्लक आहे हे मोजायचं, आणि जास्त शिल्लक असेल तर उपचार वाढवायचा, गरज पडली तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटही करायचा, अशी ती पद्धत होती. नंतर त्यांनी मागे वळून ३४४ मुलांच्या पेशी तपासल्या. ४० मुलं पीएच-लाइक निघाली. पाच वर्षांनंतर त्यांच्यापैकी ९० टक्के मुलांचा आजार उलटलेला नव्हता. बाकीच्या मुलांमध्ये हे प्रमाण होतं ८८ टक्के. म्हणजे फरक उरलाच नाही.

पीएच-लाइक हा प्रकार सौम्य आहे, असा याचा अर्थ नाही. त्या मुलांमध्ये पहिल्या टप्प्यानंतर आजार जास्त शिल्लक राहतोच, आणि त्यांतल्या काहींना जास्त कडक उपचार घ्यावा लागला. पण ते वेळेवर ओळखून पाऊल उचललं तर शेवट बदलला. प्रॉग्नॉस्टिक मार्कर, म्हणजे पुढचा अंदाज देणारी खूण, नेहमी एखाद्या उपचाराला जोडलेली असते. 'या उपचाराने, या खुणेच्या इतक्या मुलांचं असं झालं,' एवढंच ती सांगते. उपचार बदलला की तो अंदाज पुन्हा मांडावा लागतो. कुंडलीत मंगळ जिथे बसला तिथेच राहतो, इथे तसं नाही.

आणि टक्केवारी नेहमी समूहाची असते. आपल्या घरातलं मूल ९० टक्के बरं होत नाही. ते बरं होतं किंवा होत नाही.

आपल्याकडे काय आहे

माळव्यातून मुलाला घेऊन मुंबईला जाणारी कुटुंबं आपल्या सगळ्यांच्या माहितीत असतात. अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट परळला टाटा मेमोरियल. १९८० च्या दशकात टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मिळून एएलएलसाठी एकच ठरावीक उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचं प्रमाण खूप वाढलं. अलीकडे मोठ्या भारतीय केंद्रांनी 'आयसिकल' नावाने एकत्र येऊन, धोक्याच्या गटानुसार उपचार ठरवणारी एकसारखी पद्धत आखली.

हजारो जनुकं वाचणारी तपासणी महाग असते आणि सगळीकडे होत नाही. म्हणून चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी पीएच-लाइक ओळखण्यासाठी मोजक्याच जनुकांची अभिव्यक्ती मोजणारी स्वस्त चाचणी तयार केली. असं काम मला मोठ्या यंत्रांच्या बातम्यांपेक्षा जास्त आशादायक वाटतं.

शिल्लक आजार मोजण्याची एमआरडी नावाची चाचणी मात्र आता मोठ्या केंद्रांत नेहमीची झाली आहे. दहा हजार पेशींत एक ल्युकेमियाची पेशी असली तरी ती पकडता येते. सुरुवातीच्या साधारण महिन्याभराच्या उपचारानंतरचा हा आकडा आज सर्वांत भरवशाचा मानला जातो. जनुकांचा नकाशा आजार कसा आहे ते सांगतो, एमआरडी औषधाला तो कसा दाद देतोय ते सांगते. दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

रिपोर्ट तुमच्या हातात आला तर

तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचे असाल आणि घरच्यांनी रिपोर्ट तुमच्या हातात दिला असेल, तर गूगलवरच्या टक्केवारीआधी डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न वहीत लिहा.

एक, एएलएलचा नेमका उपप्रकार कोणता, आणि फिलाडेल्फिया गुणसूत्राची तपासणी झाली आहे का? ती असेल तर औषध बदलतं, म्हणून ही तपासणी सुरुवातीलाच हवी.

दोन, एमआरडी कधी होणार आणि त्यावर पुढचं काय ठरणार?

तीन, एखादी महाग जनुक-तपासणी सुचवली असेल तर तिच्या निकालाने आमच्या मुलाचा उपचार बदलणार आहे का? बदलणार असेल तर पैसे जमवणं योग्य. बदलणार नसेल तर तेच पैसे दोन-अडीच वर्षांच्या उपचारासाठी आणि प्रवासासाठी लागतील.

चार, राहण्याची आणि खर्चाची सोय काय? बहुतेक मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत न्या. मुंबईत दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आणि मुलांच्या कॅन्सरसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचारकाळात कुटुंबांना विनामूल्य जागा देते. लाजू नका, विचारा.

हा चौथा प्रश्न मला पहिल्या तिघांइतकाच वैद्यकीय वाटतो. आपल्या देशात अनेक मुलांचा उपचार अर्ध्यात सुटतो. पैसे संपतात, शेती किंवा नोकरी सांभाळायची असते, आणि कधी 'हाय रिस्क' हे ऐकूनच घरचे मनाने हरतात. जीन एक्स्प्रेशन कितीही चांगलं असलं तरी सुटलेल्या उपचारापुढे त्याचा उपयोग नाही.

रिपोर्ट 'चांगला' आला तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात मूल शाळेत जायला लागतं, केस परत येतात, आणि रोजची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घरीच द्यायची असते. अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की शंभरातल्या पाचांहून जास्त गोळ्या चुकल्या, तर आजार उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. जनुकं आपल्या हातात नसतात, पण गोळी असते. घरातल्या दादाने किंवा ताईने फोनवर रोज रात्रीचा गजर लावावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. दूध मोजणाऱ्या आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहून ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे जड नाही.

आजी विचारेल, "काय लिहिलंय गं त्यात?" तिला जीन एक्स्प्रेशन समजावायची गरज नाही. एवढंच सांगा की आजार कोणत्या जातीचा आहे ते कळलंय, त्यामुळे डॉक्टरांना औषध नेमकं निवडता येईल, आणि महिन्याभराने पुन्हा बघणार आहेत. हे तिला धीर देण्यापुरतं बोलणं नाही, त्या कागदाचा खरा अर्थही एवढाच आहे.